गाडी मिसिंग करायला लागली आणि बर्था बेंझनं टोपीची पिन काढली

जुनी स्कूटर चालवणाऱ्यांना हा सीन पाठ असतो. गाडी मिसिंग करते, गचके खाते, चढावर तर जीवच सोडते. मेकॅनिककडे नेली की तो आधी दोन गोष्टी बघतो, पेट्रोल नीट येतंय का आणि प्लगला करंट येतोय का.

हीच तपासणी १८८८ मध्ये जर्मनीतल्या एका बाईनं भर रस्त्यात केली होती. तेव्हा गाड्यांचे मेकॅनिक सोडा, पेट्रोल पंपसुद्धा नव्हते. तिचं नाव बर्था बेंझ. हो, मर्सिडीज-बेंझमधलं बेंझ.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा, फोर्ट्सहाइम गावातला. घर खात्यापित्या बांधकाम व्यावसायिकाचं. तिनं लग्न ठरवलं कार्ल बेंझशी. कार्लला इंजिनचं वेड होतं, पण पैशांची बोंब होती. मग बर्थानं लग्नाआधीच आपल्या हुंड्यातली रक्कम मागून घेतली आणि त्याच्या वर्कशॉपमध्ये घातली. १८७२ मध्ये लग्न झालं. २९ जानेवारी १८८६ ला कार्लनं तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट बेंझ अँड कंपनीच्या नावावर, बर्थाचं नाव अर्थात त्यात नव्हतं.

गाडी तर झाली, पण घेणार कोण? लोकांचा भरवसा नव्हता आणि कार्ल सुधारणा करण्यातच गुंतलेला.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्थानं कार्लला न सांगता गाडी बाहेर काढली. सोबत युजेन आणि रिचर्ड ही दोन मुलं. मॅनहाइमहून माहेरी फोर्ट्सहाइमला जायचं होतं. अंतर १०० किलोमीटरच्या वर, रस्ते घोडागाडीचे.

आता या गाडीचं इंजिन समजून घ्या. सिलिंडर एकच. चार सिलिंडरच्या गाडीत एकानं दगा दिला तरी बाकीचे तीन ओढून नेतात. इथे एक स्फोट चुकला की थेट गचका. इंधन म्हणून लिग्रोइन, म्हणजे डाग काढायला वापरायचं एक द्रव्य. ते औषधांच्या दुकानात मिळायचं. वाटेत संपलं तेव्हा बर्थानं विस्लोखच्या दुकानातून ते विकत घेतलं. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून आज तेच दुकान दाखवतात.

मग इंधनाची नळी तुंबली. नळीत कचरा आला की इंजिनला पुरेसं इंधन मिळत नाही, ताकद उतरत जाते आणि चढावर ते सगळ्यात आधी जाणवतं. बर्थानं टोपीची लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली. कार्बोरेटरचा जेट तारेनं साफ करतात ना, तसंच काहीसं.

दुसरा घोळ करंटचा. इग्निशनच्या वायरीवरचं आवरण घासून गेलं होतं. उघडी वायर बॉडीला टेकली की करंट प्लगपर्यंत जातच नाही. असा फॉल्ट मोठा लबाड असतो. सपाट रस्त्यावर गाडी गप चालते, खड्ड्यात वायर हलली की ठिणगी गायब. बर्थानं पायमोजा धरून ठेवणारा पट्टा काढून वायरीला गुंडाळला आणि गाडी पुढे काढली.

हा किस्सा सांगताना लोक पिन आणि पट्ट्यावरच अडकतात. मला ते पटत नाही. पिन त्या काळी टोपी घालणाऱ्या कुठल्याही बाईकडे असायची. ती कुठे घालायची हे बर्थाला माहीत होतं, कारण लग्नाला १६ वर्षं झाली होती आणि एवढी वर्षं तिनं वर्कशॉप जवळून बघितलं होतं.

पाणी उकळून उडून जायचं, म्हणून वाटेत पुन्हा पुन्हा भरावं लागलं. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर बाउश्लोट गावात चांभाराकडून त्यांवर चामडं लावून घेतलं. मोठ्या चढावर पोरांनी गाडी ढकलली. पोहोचल्यावर कार्लला तार केली.

काही दिवसांनी ती गाडी चालवतच परतली आणि कार्लला चढासाठी आणखी एक गिअर बसवायला लावला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं.

कार्ल १९२९ मध्ये गेला. बर्थाला कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठानं मानद सिनेटर केलं ते तिच्या ९५ व्या वाढदिवशी, ३ मे १९४४ ला. दोन दिवसांनी लाडेनबुर्गमधल्या घरी ती वारली.