विश्लेषण : विमानात कानाला दडे बसले की नाक दाबून फुंकायचे… ही युक्ती कोणाची?

विमान उतरू लागले की कानाला दडे बसतात. शेजारचा प्रवासी सांगतो, नाक दाबा, तोंड मिटा आणि फुंका. कानात ‘फट्’ होते आणि बरे वाटते. या युक्तीला ‘वल्साल्वा’ म्हणतात. गंमत म्हणजे, ज्यांचे नाव तिला मिळाले ते अंतोनिओ मारिया वल्साल्वा १७२३ मध्येच वारले. माणूस बलूनमधून आकाशात गेला, तो त्यानंतर ६० वर्षांनी!

वल्साल्वा यांचा जन्म १६६६ मध्ये इटलीतील इमोला येथे झाला. बोलोन्यात मार्चेलो माल्पिघी यांच्याकडे ते शिकले आणि तिथेच शल्यचिकित्सक झाले. मृतदेहातील स्रावांची ते चक्क चव घेऊन पाहत. वाचूनच ढवळते, पण तेव्हा पॅथॉलॉजी लॅब कुठे होती? मनोरुग्णांना माणुसकीने वागवा, हा त्यांचा आग्रहही त्या काळात वेगळाच होता.

त्यांचे मुख्य काम कानावरचे. १७०४ मधील ग्रंथात त्यांनी कानाचे बाह्य, मध्य आणि आंतर असे तीन भाग मांडले. मध्यकर्णापासून घशाच्या वरच्या भागापर्यंत जाणाऱ्या नळीला त्यांनीच ‘युस्टेशियन’ हे नाव दिले. नाक दाबून फुंकण्याचा उपाय याच ग्रंथात आहे. मात्र तो कानातला पू बाहेर काढण्यासाठी!

मग विमानाशी संबंध कसा? ही नळी एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना उघडते. विमान खाली येते तसा केबिनमधला दाब वाढतो, मध्यकर्णातला मात्र कमीच राहतो. त्यामुळे पडदा आत ओढला जातो आणि दुखतो. पाणबुड्यांना हा त्रास लवकर होतो, कारण १० मीटर खोलीवर दाब थेट दुप्पट होतो. फुंकल्याने नळीतून हवा आत शिरते आणि दाब जुळतो.

फुंकायचे ते हलकेच. जोर लावल्यास आतल्या कानाला इजा होऊ शकते. सर्दी किंवा कानाचा संसर्ग असेल तर जंतू वर ढकलले जाण्याची भीती असते. म्हणजे वल्साल्वांनी ज्यासाठी हा उपाय सांगितला, नेमका तिथेच आज तो टाळतात. आधी गिळून पाहा, गोळी चघळा. तान्ह्या बाळाला उतरताना दूध पाजा. कानातून रक्त आले, ऐकू कमी आले किंवा गरगरले, तर कानात तेल न घालता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. फाटलेला पडदा बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, तोवर कानात पाणी जाऊ देऊ नका.