डॉ. रूडोल्फ फिरखो

इ. स. १८४८ च्या आरंभी प्रशिया राज्याच्या अपर सायलेशिया प्रांतात टायफस ज्वराने कहर मांडला. हा प्रदेश आज बहुतांशी पोलंडमध्ये मोडतो. चौकशीसाठी सरकारने बर्लिनहून जे वैद्य धाडले, त्यांत अवघ्या सव्वीस वर्षांचे डॉ. रूडोल्फ फिरखो होते.

सुमारे तीन आठवडे ते गावोगाव हिंडले. रोग्यांबरोबर त्यांनी झोपड्याही तपासल्या. एकेका कोंदट खोलीत सारे कुटुंब दाटलेले. रोजचे अन्न बटाटे, पण तेही पीक बुडालेले. जनता पोलिश बोलणारी, तर कारभार जर्मन भाषेत! हा ज्वर उवांमुळे पसरतो, हे १९०९ पर्यंत कोणास ठाऊक नव्हते. परंतु तो कोणाच्या घरी मुक्काम ठोकतो, हे फिरखोंनी अचूक ओळखले.

सरकारला औषधांची यादी हवी असावी. फिरखोंनी मागितले ते लोकांच्या भाषेत शिक्षण, रस्ते, शेतीची सुधारणा, गरिबांवरील करांत सूट आणि लोकांच्या हाती कारभार. शिवाय त्याच वर्षीच्या क्रांतीत ते सामील झाले. सरकारची इतराजी होऊन १८४९ साली त्यांस बर्लिन सोडावे लागले.

ते १८५६ साली परतले. पेशींवरील संशोधनाने त्यांची कीर्ती जगभर पसरली. तरीही १८५९ पासून १९०२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते नगरसभेचे सभासद राहिले. बर्लिनच्या रस्त्यांलगत तेव्हा उघडी गटारे वाहत. होब्रेख्ट या अभियंत्याच्या योजनेस फिरखोंनी नेटाने पाठबळ दिले. १८७३ पासून भुयारी गटारे बांधली जाऊ लागली आणि शहराचे सांडपाणी बाहेरच्या शेतांवर जाऊ लागले.