पंडिता रमाबाई : नोकरी, लेखणी आणि लेक

मी आपल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. सकाळी शिरूरहून एसटी, मग न्हावरा, पारगावचा भीमेवरचा पूल, केडगाव, चौफुला आणि शेवटी दौंड. चार वर्षांची लेक घरी सासूबाईंजवळ. रात्री ती झोपली की भाषांतराचे कागद उघडायचे, कारण तासिकेच्या पैशांत महिना सरत नाही. कायम नोकरीसाठी अर्ज चालूच असतात. मागे एका मुलाखतीला गेले तेव्हा लेकीला ताप होता. पुढे तिथून साधं उत्तरही आलं नाही. परतताना एसटी केडगावला थांबली आणि मनात आलं, इथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या रमाबाईंनी हे सगळं कसं निभावलं असेल? म्हणून त्यांचं चरित्र वाचायला घेतलं. तेच थोडक्यात सांगते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईनं रमाला. तीर्थयात्रा आणि पुराणं सांगणं यावर घर चालायचं. पुढे दुष्काळात आई-वडील गेले. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पदवी मिळाली, पण पदवीनं पोट भरत नाही, हे तेव्हाही खरंच होतं! १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि ती वर्षाची व्हायच्या आत, १८८२ च्या फेब्रुवारीत, बिपिनबाबू कॉलऱ्यानं गेले. वय तेवीस, कडेवर मूल आणि हातात फक्त विद्या.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला जायचं होतं. त्या पुस्तकाच्या विक्रीतूनच बोटीच्या भाड्याची सोय झाली. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. त्यांच्यासाठी लिखाण हा फावल्या वेळचा छंद नव्हता, ते पुढच्या पायरीचं भांडवल होतं.

१८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला पोचल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे त्यावरून मोठा गदारोळ झाला. कान अधू झाल्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्न मात्र तिथेच संपलं. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या स्वतः शिकत आणि संस्कृत शिकवतही. मनोरमा बराच काळ वाँटेजच्या सिस्टर्सकडे असे. पुरुषांना शिकवायची गोष्ट निघाली, तेव्हा चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली. विषय येतो, पण शिकवणारी बाई आहे, म्हणून नको!

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांवर तिथेच राहिल्या. पाच वर्षांच्या मनोरमेला त्यांनी परत इंग्लंडला पाठवलं. गावोगाव व्याख्यानं दिली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याच्या हजारो प्रती खपल्या. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि दहा वर्षं मदत द्यायचं त्यानं कबूल केलं. त्या बळावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्याला आलं. म्हणजे जी नोकरी कोणी दिली नाही, ती संस्थाच त्यांनी काढली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभं राहिलं. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना. खिळे जुळवणाऱ्या मुलीच!

मनोरमा मोठी होऊन आईच्याच कामात आली. पण १९२१ मध्ये ती आईआधी गेली. रमाबाई त्या वेळी बायबलचा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी अनुवाद करत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच त्यांचं निधन झालं. संपूर्ण अनुवाद त्यानंतर प्रसिद्ध झाला.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, या चरित्रात तोल सांभाळायची एखादी युक्ती सापडेल. तशी ती सापडली नाही. रमाबाईंनी सगळं एकदम सांभाळलं नाही. कधी शिक्षण पुढे, कधी लेखणी पुढे, आणि लेक वाट बघत दुसऱ्याच्या घरी. ती किंमत त्या दोघींनीही मोजली. मोठ्या माणसांच्या चरित्रात हे आपण घाईघाईनं वाचून पुढे जातो.

हॉस्टेलवरच्या मुलामुलींनो, तुमच्या घरीही कोणीतरी असंच वाट बघत असेल. रविवारी एक फोन करत जा.

मला परवाच आणखी एका मुलाखतीचं पत्र आलंय. दूरचं ठिकाण आहे. या वेळी लेक आणि सासूबाई दोघींना बरोबर नेणार आहे. बाहेरच्या बाकावर बसतील. निकाल काहीही लागो, येताना तिघी केडगावला उतरणार आहोत.