भिंत न वाढवता धरण वाढवणारे विश्वेश्वरय्या

दिल्ली मेट्रोच्या पिंक लाइनने लाजपतनगरकडे जाताना दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पसनंतर सर विश्वेश्वरय्या मोतीबाग हे स्टेशन येते. २०१८ साली ते सुरू झाले. आपल्या मंडळातली मुले रोज तेथून जातात, पण हे विश्वेश्वरय्या कोण, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर म्हैसूरचे दिवाण एवढेच असते. त्यांचा जन्मदिवस १५ सप्टेंबर हा अभियंता दिन. तो बहुधा गणेशोत्सवाच्या आसपासच येतो, म्हणून या स्मरणिकेत त्यांची आठवण काढावीशी वाटली.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचे. वडील लवकर गेले. बंगळूरला शिकवण्या करून ते बी. ए. झाले आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली एल. सी. ई. परीक्षेत पहिले आले. हेच आजचे सीओईपी. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून ते नाशिकला रुजू झाले. खानदेश, सक्कर, सुरत, पुणे अशी त्यांची नोकरी फिरली. पुण्यात त्यांना न्यायमूर्ती रानडे यांचा सहवास लाभला.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर त्यांनी केलेले काम मला सर्वांत मोलाचे वाटते. शहराला आणि कालव्यांना पाणी कमी पडत होते. भिंतीची उंची वाढवा, हा कोणालाही सुचणारा उपाय. पण त्यात धोका आहे. पाणी जितके खोल, तितका तळाशी दाब जास्त. १० मीटर खोल पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे ५० टनांनी आडवे ढकलते. खोली ११ मीटर झाली की तो जोर साठ टनांवर जातो आणि भिंत उलथवण्याची ताकद तर एक तृतीयांशाने वाढते. खोली वाढली फक्त एक दशांश! याला तोंड देते ते भिंतीचे वजन आणि पायाशी असलेली पकड. जुनी भिंत जुन्या हिशेबाने बांधलेली. तिच्यावर वाटेल तितका भार टाकता येत नाही.

विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे लोखंडी दरवाजे बसवले. वर्ष १९०३. हे दरवाजे वजनांशी तोलून टांगलेले असत. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की त्या पाण्यानेच तोल बदलावा, दरवाजे उघडावेत आणि जादा पाणी निघून जावे. पातळी उतरली की ते पुन्हा मिटावेत. यामुळे साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. किती जोर सोसायचा याचा हिशेब आधी, आणि त्यापलीकडच्या पाण्याला वाट तयार. असे दरवाजे पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही आले.

१९०८ साली मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. त्यानंतर शहराच्या रक्षणाची योजना आखायला निजामाने त्यांनाच बोलावले. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

पण पाणी हिशेबाबाहेर गेले तर काय होते, हेही त्यांच्या हयातीतच दिसले. १९१७ साली तिग्राच्या भिंतीवरून पाणी वाहिले आणि भिंतीचे मोठे भाग जागचे सरकले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. तो सगळा लोंढा खडकवासल्यावर आला, भिंतीवरून पाणी गेले आणि ऐंशीहून अधिक वर्षे उभे असलेले धरणही फुटले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. शनिवार पेठेतल्या आमच्या घरात पाणी माळ्यापर्यंत चढले होते. ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ आजोबांनी कित्येक वर्षे पुसू दिली नाही. तोवर शंभरी ओलांडलेले विश्वेश्वरय्या हयात होते. पुढल्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, ते गेले.

ती रेघ पाहतच मी मोठा झालो आणि पुढे अभियांत्रिकीकडे वळलो. आज दिल्ली, नोएडा, गाझियाबादमध्ये दोन मजली घरावर सहज तिसरा, चौथा मजला चढतो. तळमजल्यावर दुकान काढायला आतली भिंत पाडली जाते. पायाला कोणी विचारत नाही. घर नुसते उभे असते तेव्हा भार सरळ खाली जातो, म्हणून काही बिघडल्याचे दिसत नाही. भूकंपात मात्र ते धरणाप्रमाणे आडवे ढकलले जाते, आणि वजन जितके जास्त तितका हा धक्का मोठा. भूकंपाचे हादरे तर आपण सर्वांनीच अनुभवले आहेत.

म्हणून मंडळाच्या सभासदांना एकच विनंती. घरावर मजला चढवण्याआधी किंवा एखादी भिंत काढण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाया आणि खांब तपासून घ्या. विघ्नहर्ता पाठीशी आहेच. पण तो बुद्धीचाही देव आहे, हे विसरू नये.

गणपती बाप्पा मोरया!