जेम्स बर्कले

मुंबई ते ठाणे ही आगगाडी 1853 साली सुरू झाली. तो लोहमार्ग बांधणारे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांचा जन्म 1819 साली इंग्लंडात झाला. पुढे सह्याद्री आडवा आला. मुरबाडवरून माळशेज घाटाने चढण्याचा जुना बेत त्यांनी पाहणीअंती सोडला आणि शहापूर तालुक्यातून कसाऱ्यास येऊन थळघाट चढणारा मार्ग निवडला. चढ असा, की दर 37 फुटांस एक फूट वर जावे!

एवढे बिकट काम. परंतु त्याचे ज्ञान बर्कल्यांनी स्वतःपाशी दडवून ठेवले नाही. सरकारी टाकसाळीतील व गोदीतील कारागिरांनी मुंबईत 1847 साली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन ही संस्था स्थापिली होती. तिच्या सभेत त्यांनी 1857 साली भोरघाटावर आणि 1860 च्या डिसेंबरात थळघाटावर निबंध वाचला. घाटाचे काम तेव्हा अपुरेच होते. अपुरे काम जाणत्यांपुढे मांडावयास धैर्य लागते.

प्रकृती ढासळल्यामुळे ते मायदेशी परतले व 1862 च्या ऑगस्टात निवर्तले. थळघाटाचा मार्ग खुला झाला 1865 साली. त्यांच्या नावे अभियांत्रिकीच्या उत्तम विद्यार्थ्यास पारितोषिक देण्यात येऊ लागले. पुण्यात शिकणाऱ्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ते 1883 साली मिळविले.