घोंगडीची घडी

हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) मूळचे उत्तर हिंदुस्थानातील बदायूंचे. वडील लहानपणीच वारले. आई बीबी जुलेखा यांनी हलाखीत मुलाला वाढवले. घरात दाणा नसला की आज आपण अल्लाहचे पाहुणे आहोत, असे त्या मुलाला सांगत. भुकेची ही ओळख त्यांना जन्मभर पुरली.

शिक्षणासाठी ते दिल्लीला आले, पुढे अजोधनच्या बाबा फरीद यांचे शिष्य झाले आणि यमुनेकाठी गियासपूरला राहू लागले. सुरुवातीचे दिवस उपासमारीचे होते. सुलतान जलालुद्दीन खिलजीने गावे इनाम देऊ केली. भुकेने बेजार झालेल्या काही शिष्यांना ती घ्यावीत असे वाटत होते. हजरतांनी नकार दिला. नेमून दिलेले उत्पन्न आले की फकीर जमीनदार होतो, हे त्यांना कळत होते.

पुढे न मागता भेटींचा ओघ सुरू झाला. धान्य, कापड, रोकड, सारे खानकाहत येई आणि गरजूंकडे जाई. लंगरमध्ये रोज असंख्य माणसे जेवत. जुम्याच्या नमाजला निघण्यापूर्वी कोठार रिकामे करून झाडून घ्यायचे, असा शिरस्ता होता. ते स्वतः मात्र वर्षभर रोजे ठेवत. सहेरीला ताट समोर आले, की मशिदींत आणि दुकानांच्या ओट्यांवर उपाशी झोपलेल्यांच्या आठवणीने घास गिळवत नसे. ताट बहुधा तसेच परत जाई.

1320 मध्ये खुसरो खानने दिल्लीचे तख्त बळकावले आणि संतमंडळींना मोठमोठ्या रकमा वाटल्या. हजरतांच्या वाट्याला पाच लाख टंके आल्याचे सांगतात. काही महिन्यांतच गियासुद्दीन तुघलक गादीवर आला आणि त्याने पैसे परत मागितले. इतरांनी ते जपून ठेवले होते, म्हणून परत करता आले. हजरतांकडे काहीच नव्हते. गरिबांचे धन गरिबांना देऊन टाकले, असे त्यांनी कळवले. सुलतानाची नाराजी त्यांनी सोसली.

हीच कसोटी ते आपल्या माणसांनाही लावत. बुऱ्हाणुद्दीन गरीब हे त्यांचे आवडते शिष्य. वय सत्तरीच्या पुढचे, शरीर थकलेले. बसताना त्रास होई, म्हणून ते घोंगडी दुहेरी घडी करून बसत. ते गादी घालून पीरासारखे बसतात, अशी कागाळी हजरतांच्या कानी गेली आणि त्यांनी शिष्याशी बोलणेच सोडले. म्हाताऱ्या गुडघ्यांखाली घोंगडीचा एक पदर जास्त, एवढाच तो अपराध. अखेर अमीर खुसरो गळ्यात पगडी अडकवून रदबदलीला गेले, तेव्हा माफी मिळाली. हेच बुऱ्हाणुद्दीन पुढे दख्खनमध्ये आले. दौलताबादजवळ खुलताबादला त्यांचा दर्गा आहे.

शिक्षा कठोर वाटते. पण इतरांना देण्याचा उपदेश करणारा स्वतः मऊ बैठकीवर बसला, तर पुढची घडी कधी पडते ते त्यालाही कळत नाही, अशी हजरतांची धास्ती होती.

1325 मध्ये शेवटचे दुखणे आले. सेवक इक्बाल यांना सारे वाटून टाकण्याचा हुकूम झाला. त्यांनी सगळे वाटले, पण खानकाहतील फकिरांसाठी काही दिवसांचे धान्य मागे ठेवले. हे समजताच हजरत नाराज झाले. त्यांनी लोकांना बोलावून कोठारे फोडायला लावली, धान्य न्यायला सांगितले आणि जमीन झाडून घेतली. त्यानंतरच त्यांनी जगाचा निरोप घेतला.