मिनी घडवणारा निर्वासित

मिनी ही गाडी म्हणजे अस्सल ब्रिटिश, असं इथे कुणीही छातीठोकपणे सांगतं. मी बर्मिंगहॅमला राहतो. ज्या लाँगब्रिजच्या कारखान्यात ती जन्माला आली, तो याच शहरात होता. पण ती घडवणारा अ‍ॅलेक इसिगोनिस इंग्लंडात आला तो सोळाव्या वर्षी, वडील गमावून, आईचं बोट धरून.

त्याचा जन्म १९०६ चा, स्मिर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरचा. वडील ग्रीक, पण ब्रिटिश नागरिकत्व असलेले. जहाजांच्या इंजिनांचा त्यांचा कारखाना होता. आई जर्मन. १९२२ मध्ये तुर्की फौजा शहराजवळ आल्या तेव्हा ब्रिटिश नौदलाने या कुटुंबाला माल्टाला हलवलं. कारखाना, घर सगळं मागे राहिलं. थोड्याच दिवसांत वडील वारले आणि १९२३ मध्ये मायलेक इंग्लंडला आले.

लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये तो इंजिनिअरिंगला गेला आणि गणितात तीनदा नापास झाला! एम-थ्रीच्या नावाने अजून ज्यांना घाम फुटतो, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. त्याचा हात मात्र चित्रकाराचा. कागद, नॅपकिन, सिगारेटचं पाकीट, मिळेल त्यावर तो गाडीचे भाग रेखाटायचा.

मॉरिस कंपनीत त्याने मॉरिस मायनर केली. उत्पादनाच्या तोंडावर त्याला ती अरुंद वाटली, म्हणून नमुन्याची गाडी मधोमध कापून चार इंच रुंद केली. बंपर आधीच तयार होते. तेही कापून मध्ये पट्टी जोडली. १९४८ मध्ये आलेली ही गाडी दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरली. आपल्याकडची बेबी हिंदुस्थान म्हणजे हीच.

मग १९५६ मध्ये सुएझचं संकट आलं, पेट्रोलला रेशन लागलं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी १९५७ मध्ये त्याला छोटी गाडी करायला सांगितलं. अट एकच, इंजिन कंपनीकडे आहे तेच वापरायचं. इसिगोनिसने लांबी ठरवली फक्त दहा फूट, आणि त्यात चार माणसं व सामान बसलंच पाहिजे. त्यासाठी त्याने इंजिन आडवं बसवलं, पुढची चाकं फिरवली आणि गिअरबॉक्स चक्क इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात घातला. दोघांना एकच ऑइल! मेमरी कमी पडली की आम्ही सॉफ्टवेअरवाले असलेच उद्योग करतो, म्हणून मला याचं भारी कौतुक. चाकं जेमतेम दहा इंचांची. तेवढे छोटे टायर डनलॉपने मुद्दाम तयार केले. स्प्रिंगांच्या जागी अ‍ॅलेक्स मोल्टन यांचे रबरी शंकू आले.

२६ ऑगस्ट १९५९ ला गाडी बाजारात आली, किंमत पाचशे पौंडांच्या आत. आणि पावसाळी इंग्लंडची ही गाडी पावसातच रुसायची! जमिनीच्या पत्र्याच्या सांध्यांतून पाणी आत यायचं. जाळीच्या मागेच असलेला डिस्ट्रिब्युटर भिजला की इंजिन बंद. फोर्डवाल्यांनी म्हणे एक मिनी सुटी करून हिशेब मांडला आणि कंपनी प्रत्येक गाडीमागे तीसेक पौंड घालवते असा निष्कर्ष काढला.

माणूस हेकट होता हे खरं. गाडीत रेडिओ त्याला नको होता. शर्यतीच्या मिनीलाही तो आधी तयार नव्हता. जॉन कूपरने ती करवून घेतली आणि १९६४, १९६५, १९६७ अशी तीनदा मिनीने माँटे कार्लो रॅली जिंकली. आडवं इंजिन आणि पुढची चाकं फिरवणारी रचना मात्र पुढे जगभरच्या छोट्या गाड्यांनी उचलली. आपली मारुती ८०० सुद्धा त्यातलीच.

१९६९ मध्ये त्याला सर किताब मिळाला. मिनीची जागा घेईल अशी नवी छोटी गाडी त्याने तयार केली होती, पण कंपनीने ती कधी काढलीच नाही. १९७१ मध्ये तो निवृत्त झाला, १९७२ मध्ये आई गेली. त्याने लग्न केलं नव्हतं. स्मिर्ना सोडल्यापासून दोघं बहुतेक काळ एकत्रच राहिली. १९८८ मध्ये इथेच, बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन भागात त्याचं निधन झालं. त्याची मिनी त्यानंतरही बारा वर्षं बनत राहिली. शेवटची गाडी २००० च्या ऑक्टोबरमध्ये लाँगब्रिजमधून बाहेर पडली, तेव्हा एकूण आकडा ५३ लाखांच्या वर गेला होता.